पश्चिमेकडच्या शहाण्णव खिडक्या

सोमवार, ७ मे १९८४. सकाळी साडेसात वाजता जयपूर नगराच्या बांधकाम समितीची बैठक सुरू झाली. विषय एकच होता : शहराबाहेरच्या राखीव जमिनीवर नवे न्यायालय आणि त्याला जोडून नवा तुरुंग बांधावा की नाही. जमीन नगराची, इमारत राज्याची आणि आराखडा आमच्या बांधकाम खात्याचा, म्हणजे माझा. समितीत अकरा सदस्य होते. मी मतदार नव्हतो. विचारले तर उत्तर द्यायचे, एवढ्यासाठी मला बोलावले होते.

आता मी अलिबागला असतो. येथे मे महिन्यात सकाळ कोंदट जाते. झाडाचे पान हलत नाही. मग अकराच्या सुमारास समुद्रावरून वारा सुटतो. पडदे आत फुगतात, दोरीवरचे कपडे एका बाजूला झुकतात, आणि मी पंखा बंद करतो. शेजारी म्हणतात, आला बुवा एकदाचा. दरवर्षी त्या वाऱ्याबरोबर मला जयपूरचा तो उन्हाळा आठवतो, कारण तेथेही वारा अकरालाच सुटत असे आणि पश्चिमेकडूनच येत असे.

आम्ही जयपूरला गेलो ते आदल्या ऑगस्टमध्ये, प्रतिनियुक्तीवर. जवाहर नगरात घर मिळाले. पहाटे मोर ओरडत. त्यांच्या आवाजाने पहिल्या दिवशी माझी पत्नी मालती दचकून उठली आणि शेजाऱ्यांकडे कोण आजारी आहे ते पाहून या, असे म्हणाली. पाऊस जेमतेम होता. नंतर थंडी पडली. तशी थंडी मी पूर्वी पाहिली नव्हती. दुपारी तीननंतर पश्चिमेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले की ऊन गुडघ्यांपर्यंत येई आणि हाडे सैलावत. तुरुंगाचा आराखडा मी त्या थंडीत, त्या व्हरांड्यात बसून काढला. हे येथे लिहून ठेवणे आवश्यक आहे.

मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत मी बिकानेरकडच्या कामावर होतो. तेथे काम पहाटे चालत असे आणि दहा वाजता तंबूत शिरावे लागे. परत आलो तेव्हा जयपूर बदलले होते. कार्यालयाच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागले होते आणि एक माणूस दर अर्ध्या तासाने त्यांवर पाणी मारी. ओल्या वाळ्याचा तो वास अजून नाकात आहे. खोलीत गारवा असे, दिवे लागलेले असत, आणि बाहेर काय चालले आहे ते कळत नसे. बैठक जवळ आल्यामुळे रविवारीही मी तेथेच असे. सायंकाळी घरी यावे तर मालतीने खिडक्या नुकत्याच उघडलेल्या असत. फरशीवर ओला हात फिरवलेला असे. पन्हे तयार असे. दुपारभर तिने घर कसे सांभाळले हे मी कधी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

न्यायालय आणि तुरुंग एकत्र का, हा प्रश्न मला त्या काळी अनेकांनी विचारला. उत्तर मी एकदा चारदीवारीच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटाच्या आत, भर बाजारात पाहिले होते. सहा कैदी एका दोरात बांधून शिपाई त्यांना न्यायालयात तारखेसाठी नेत होते. खटला चालू असलेली माणसे होती ती, अजून कोणी दोषी ठरलेले नव्हते. दोन्ही बाजूंना दुकाने उघडत होती. कोणी पायरीवर पाणी मारत होता, कोणी कापडाचे ठाण उलगडत होता. दोरातला एक वयस्कर माणूस अचानक थांबला आणि शिपायाला म्हणाला, "जमादारजी, उस पार से ले चलो. इधर मेरी बेटी के ससुराल की दुकान है."

शिपायाने त्याच्याकडे पाहिले. मग सगळी रांग रस्ता ओलांडून पलीकडे नेली. सायकलरिक्षावाले शिव्या देत थांबले. तो माणूस मान खाली घालून दुकानासमोरून, पण रस्त्याच्या पलीकडून, गेला. मी तेथे पितळी कुलूप घ्यायला आलो होतो. न घेताच परत गेलो.

माझ्या आराखड्यात तुरुंगापासून न्यायालयापर्यंत एक झाकलेला रस्ता होता. रुंदी आठ फूट, वर दगडी पट्ट्यांचे छत, दोन्ही बाजूंना भिंत, उजेड वरून. कैद्याने कोठडीतून निघावे आणि न्यायाधीशासमोर उभे राहावे, मधे बाजार नको. त्या रस्त्याचा मला अभिमान होता आणि तो आजही आहे.

मला कोठड्यांचाही अभिमान होता. चोवीसच्या चार रांगा, एकूण शहाण्णव. प्रत्येक कोठडीला पश्चिमेकडे उघडणारी, उंचावरची, गजांची रुंद खिडकी. उन्हासाठी वर दोन फूट पुढे आलेले छज्जे. माझा जन्म समुद्रकाठच्या रेवदंड्याचा. आमच्याकडे घर बांधताना म्हातारी माणसे आधी वारा पाहतात आणि मग पाणी. पश्चिमेची भिंत आंधळी ठेवणारा माणूस आमच्याकडे वेडा ठरेल. नोकरीची पहिली पंधरा वर्षे मी रत्नागिरीपासून पालघरपर्यंत शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या बांधल्या. प्रत्येकीला पश्चिमेची खिडकी दिली आणि प्रत्येक ठिकाणी लोकांनी नाव काढले. कैद्यालाही वारा मिळाला पाहिजे, असे मी आराखड्याच्या टिपणीत लिहिले होते. वाक्य चांगले होते.

बैठकीचे दालन जुन्या पद्धतीचे होते. उंच छत, जाड भिंती, पूर्वेला चार दरवाजे आणि पश्चिमेला चार. सकाळी आठही उघडे असत. कबुतरे एका बाजूने आत येत आणि दुसरीने जात. माझ्या आराखड्याची छापील प्रत भिंतीवर लावली होती. ती आदल्या दिवशीच अमोनियाच्या वाफेवर काढलेली असल्यामुळे तिला उग्र वास येत होता आणि जवळ बसलेले दोन सदस्य नाकाला रुमाल लावून होते.

अध्यक्ष होते पुरोहितजी. निवृत्त शिक्षक. वेळेच्या बाबतीत कठोर आणि बोलण्यात मऊ. विरोधी गटाचे पुढारी सरदारमलजी, जोहरी बाजारातले कापडाचे व्यापारी. जुने न्यायालय शहरात होते. त्याच्याभोवती वकिलांच्या गाद्या, झाडाखालचे टंकलेखक, मुद्रांक विकणारे, कचोरीवाले असा सगळा संसार उभा होता. न्यायालय हलले की तो उठणार, हा सरदारमलजींचा मुद्दा होता. मुद्दा खोटा नव्हता. ते तो फार चांगला मांडत.

"एंजीनियर साहब," ते भिंतीवरच्या आराखड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आपका नक्शा बहुत सुंदर है. पर मुवक्किल बस से उतरकर दो कोस पैदल जाएगा, तब तक तो फ़ैसला हो चुका होगा."

हशा झाला. मी म्हणालो, "तेथपर्यंत बस नेण्याचा प्रस्ताव सोबत जोडला आहे. पान नऊ." माझी हिंदी तेव्हा कच्ची होती, पण आकडे मला बरोबर सांगता येत.

"पान नऊ!" सरदारमलजी शेजाऱ्याला म्हणाले. "देखा? हर बात का पान है इनके पास. पंडितजी की पोथी है पूरी."

पुरोहितजींनी टेबलावर पेन्सिल आपटली. "सरदारमलजी, पोथी का मान रखिए. सवाल पूछिए."

सवाल त्यांनी तासभर विचारले. जागा, विहिरींचे पाणी, विद्याधर नगराची जी नवी आखणी चालू होती तिच्यापासूनचे अंतर, भिंतीची उंची. मी सर्वांची उत्तरे दिली. त्या तासाभरात एकदाही मला कागद चाळावा लागला नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत माझा एकही आराखडा परत आला नव्हता, आणि हाही येणार नाही हे मला साडेनऊच्या सुमारास दिसू लागले. अकरापैकी सात मते आमच्याकडे होती. पुरोहितजींनी मला मान हलवून तसे सुचवलेही.

ठराव त्याच दिवशी होणे भाग होते. जमीन जूनअखेरपर्यंतच राखीव होती. त्यानंतर ती धान्यबाजाराला जाणार होती. समितीची पुढची नियमित बैठक जुलैत होती. म्हणजे त्या सोमवारी ठराव झाला नाही, तर तुरुंग नाही, न्यायालय नाही आणि झाकलेला रस्ताही नाही. हे सरदारमलजींना ठाऊक होते, म्हणून ते प्रश्न लांबवत होते.

दहा वाजता भंवरसिंहजींना बोलावले. हे जुन्या तुरुंगातले निवृत्त मुख्य पहारेकरी. तीस वर्षे त्यांनी त्या भिंतींच्या आत काढली होती. केशरी साफा, पांढऱ्या मिशा, पायांत जाड मोजड्या. ते खुर्चीवर बसले नाहीत. कुलपे कोठे असावीत, चावी बदलताना दोन माणसे का लागतात, पहारेकऱ्याला आतला कोपरा दिसला पाहिजे म्हणजे काय, हे त्यांनी नेमके सांगितले. मी तीन सूचना लिहून घेतल्या. मग ते आराखड्यासमोर गेले आणि बराच वेळ पाहत राहिले. त्यांनी एका खिडकीवर बोट ठेवले. तेथल्या रीतीप्रमाणे ते साहेबाला 'हुकुम' म्हणत.

"ये किधर खुलती है, हुकुम?"

"पश्चिम," मी म्हणालो. "सब की सब. हवा के लिए."

"हुकुम," ते म्हणाले, आणि मागे जाऊन भिंतीशी उभे राहिले.

अकरा वाजायला पाच मिनिटे असताना दालनातला चपरासी घीसाजी उठला. म्हातारा माणूस, चालताना एक पाय ओढत असे. कोणी त्याला काही सांगितले नव्हते. सरदारमलजी बोलत होते, ते थांबले नाहीत. घीसाजी पश्चिमेच्या पहिल्या दरवाजाशी गेला, दोन्ही फळ्या ओढून घेतल्या आणि आडणा घातला. मग दुसरा. मग तिसरा. चौथ्या दरवाजाशी तो पोहोचला तेव्हा बाहेरून वाऱ्याचा पहिला झोत आत आला. भट्टीचे दार उघडल्यावर येतो तसा. माझ्या समोरचा कागद उडाला आणि दातांखाली वाळू लागली. घीसाजीने चौथा दरवाजाही लावला, फटीत ओले पोते कोंबले आणि आपल्या स्टुलावर येऊन बसला. पूर्वेचे दरवाजे उघडेच होते.

कोणी वर पाहिले नाही. रोजचीच लू होती ती, पश्चिमेचा तापलेला वारा. पुरोहितजींनी चहासाठी पंधरा मिनिटे दिली.

मी भिंतीवरच्या आराखड्याकडे पाहिले. शहाण्णव खिडक्या आणि त्यांतली एकही लावता येत नव्हती. गजांच्या खिडकीला फळी नसते. ती तशी असावी असे मीच लिहिले होते.

पूर्वेच्या व्हरांड्यात भंवरसिंहजी बशीत चहा ओतून पीत होते. मी त्यांच्याजवळ गेलो.

"जुन्या तुरुंगात पश्चिमेची भिंत कशी आहे?" मी हिंदीत विचारले.

"अंधी है, हुकुम. डेढ़ हाथ मोटी. फिर भी जेठ में उसके पास कोई नहीं सोता. नया कैदी सो जाए तो पुराने उठा देते हैं."

"आणि या आराखड्यात?"

त्यांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे न पाहता ते बोलले. "कैदी तो काट लेगा. कैदी काट ही लेता है. बूढ़े दो-चार जाएँगे, हर जेठ में."

"तुम्हाला दिसले होते. आत का बोलला नाहीत?"

"मुझे तो ताले के वास्ते बुलाया था, हुकुम," ते म्हणाले. "हवा के वास्ते तो किसी ने बुलाया ही नहीं."

यात टोमणा नव्हता. तीस वर्षे ज्याने विचारल्याशिवाय बोलायचे नाही अशी नोकरी केली, त्याचे ते सरळ उत्तर होते. मी त्यांना आराखडा दाखवला होता आणि वर उत्तरही दिले होते : हवेसाठी. एका रेवदंडेकराने जयपूरच्या माणसाला पश्चिमेचा वारा समजावून सांगितला होता.

आता या वयात, पडदा फुगलेला पाहताना, मी त्या पंधरा मिनिटांचा हिशेब अनेकदा मांडला आहे. गप्प राहण्याचा मार्ग उघडा होता आणि तो खात्यात रुळलेला होता. ठराव आज होऊ द्यावा. पुढे सहा महिन्यांनी एक टिपणी काढावी, स्थळपाहणीनंतर काही फेरफार आवश्यक वाटत आहेत असे लिहावे, आणि खिडक्या फिरवाव्यात. कोणाचेही नाव खाली जात नाही. परंतु चारही रांगा न्यायालयाला त्या झाकलेल्या रस्त्याने जोडलेल्या होत्या. रांगा फिरवायच्या तर रस्ता फिरतो, रस्ता फिरला तर न्यायालयाचे मागचे दार फिरते. मंजूर झालेला आराखडा इतका बदलायला पुन्हा सगळ्यांच्या सह्या लागल्या असत्या. मी अशा टिपण्या पाहिल्या होत्या. त्या फायलीत पिवळ्या पडतात आणि इमारत पहिल्या कागदाप्रमाणे उभी राहते. दुसरीकडे, आत्ता बोललो तर ठराव पडण्याची शक्यता मोठी होती. मग तो वयस्कर माणूस दोरात बांधलेला, मान खाली घालून, बाजारातूनच चालत राहणार होता.

दोन्हींपैकी कोणते वाईट, हे मला त्या पंधरा मिनिटांत ठरवता आले नाही. आजही ठामपणे सांगता येणार नाही. मला एवढेच माहीत होते की भिंतीवरचा कागद चुकीचा आहे, खाली माझी सही आहे आणि आत अकरा माणसे तो बरोबर आहे असे समजून हात वर करणार आहेत.

चहानंतर पुरोहितजींनी ठराव वाचायला घेतला. मी उभा राहिलो.

"अध्यक्ष महोदय, आराखड्यात चूक आहे. तुरुंगाच्या खिडक्या चुकीच्या दिशेला आहेत. लू थेट कोठड्यांत शिरेल. या आराखड्यावर मत घेऊ नये, अशी माझी विनंती आहे."

मग सगळे एकदम बोलू लागले.

"चूक कोणाची?" एका सदस्याने विचारले.

"माझी."

"नक़्शानवीस की होगी," दुसरा माझ्या बाजूने म्हणाला. त्याला मला वाचवायचे होते. "उतारने में रह गई होगी."

"नाही. त्याने मी सांगितले तेच उतरवले. जेथे मी वाढलो तेथे हा वारा थंड असतो. येथे तो कसा असतो ते मी पाहिले नव्हते. हा माझा जयपुरातला पहिला उन्हाळा आहे."

सरदारमलजी खुर्चीत मागे रेलले. त्यांचा दिवस होता. "वाह," ते म्हणाले. "साढ़े तीन घंटे से मैं सिर फोड़ रहा हूँ कि इस नक्शे में खोट निकालूँ. और खोट निकाली किसने? खुद साहब ने. मुझसे कह देते, मैं घर से नाश्ता करके तो आता."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण उभा होतो.

पुरोहितजींनी नियमावली उघडली. ठराव फेटाळला गेला किंवा मतास न टाकता बैठक संपली, तर विषय जुलैत. तिसरा मार्ग एकच होता : त्याच आठवड्यात विशेष बैठक. त्यासाठी अकरापैकी पाच सदस्यांच्या सह्या लागत. त्यांनी कागद फिरवला. चार सह्या झाल्या. आमच्या बाजूचे जे सात होते, त्यांतल्या तिघांनी कागद पुढे सरकवला. त्यांनी माझ्या भरवशावर बाजू घेतली होती आणि मी त्यांना उघड्यावर आणले होते. त्यांचा राग रास्त होता.

कागद सरदारमलजींसमोर आला. त्यांनी चष्मा लावला, मजकूर वाचला, चष्मा काढला.

"कितने दिन लगेंगे?" त्यांनी मला विचारले.

"तीन."

"सोच के बोलिए. फिर मत कहिएगा कि पूरब की हवा का भी पता नहीं था."

"तीन दिवस पुरे आहेत. आणि या वेळी भंवरसिंहजी माझ्यासोबत बसतील, जर अध्यक्षांची परवानगी असेल तर."

सरदारमलजींनी सही केली. मग पेनाचे टोपण लावत म्हणाले, "वोट मैं ख़िलाफ़ ही दूँगा, साहब. गुरुवार को भी. पर सही नक़्शे के ख़िलाफ़ दूँगा. ग़लत नक़्शे को हराने में क्या मज़ा है."

गुरुवारी त्यांनी शब्द पाळला. विरोधात बोलले, चांगले बोलले, विरोधात मत दिले. ठराव सहा विरुद्ध पाच असा मंजूर झाला. सोमवारी कागद पुढे सरकवणाऱ्या तिघांपैकी दोघे परत आले होते. मला ती माणसे आठवतात तेव्हा अभिमान वाटतो. शिकलेली फार नव्हती, भांडत खूप, टोमणे मारत त्याहून अधिक. परंतु ज्यांना कधी मतपेटीपर्यंत पोहोचता येणार नाही अशा माणसांच्या खिडक्यांसाठी ती गुरुवारी सकाळी साडेसात वाजता पुन्हा येऊन बसली. त्या दिवशी त्यांतल्या दोघांच्या घरी लग्न होते.

१९८८ च्या मेमध्ये, बदली होऊन गेल्यावर, मी एकदा ती इमारत पाहायला गेलो. दुपारचा एक वाजला होता. कोठड्यांची तोंडे पूर्वेच्या अंगणाकडे होती. पश्चिमेची भिंत दुहेरी दगडाची होती, मधे पोकळी, आणि छताजवळ गरम हवा निघून जाण्यासाठी वीतभर झरोके. छताच्या चुन्याखाली मातीची मडकी उपडी घालून बसवली होती. ही मडक्यांची रीत तेथल्या गवंड्यांची. ती मला भंवरसिंहजींनी सांगितली आणि मी निमूटपणे कागदावर उतरवली. एका रिकाम्या कोठडीत शिरून मी पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवला. दगड गार नव्हता. पण हात ठेवता येत होता. मेमध्ये, जयपुरात, दुपारी एकला, हात ठेवता येत होता. शेजारच्या कोठडीत एक म्हातारा त्याच भिंतीला पाठ लावून झोपला होता. मी फार वेळ थांबलो नाही.

आयुष्यात मी यापेक्षा मोठ्या इमारती बांधल्या. त्यांतल्या काहींवर दगडी फलक आहेत आणि एकीवर माझे नावही आहे. त्यांतली एकही पाहायला मी पुन्हा कधी गेलो नाही.

त्या सोमवारी बैठक साडेबाराला संपली. भंवरसिंहजी फाटकापर्यंत सोबत आले. उद्या सकाळी सहा वाजता येतो, म्हणाले. त्यांनी हात जोडले तेव्हा मीही जोडले. कार्यालयात जाऊन मी मूळ आराखडा, म्हणजे मेणकापडासारख्या पारदर्शक कापडावर शाईने काढलेला, गुंडाळी करून घेतला आणि स्कूटरवरून घरी निघालो. रस्ते मोकळे होते. दुकानांचे पडदे खाली आले होते. वाळू गालांवर सुयांसारखी लागत होती. जयपूरची उन्हाळ्यातली दुपार मी प्रथमच पाहत होतो.

घर बंद होते, पश्चिमेकडून पूर्ण आंधळे. खिडक्यांच्या आत चादरी, त्यांवर पाणी. मालतीने दार उघडले, माझा चेहरा पाहिला आणि आधी पाणी दिले. मी सांगितले. चार वाक्यांत झाले.

"मला विचारलं असतंत तर मार्चमध्येच सांगितलं असतं," ती म्हणाली. "होळीनंतर समोरच्या शर्माबाईंनी येऊन तुमचा तो व्हरांडा बंद करायला लावला मला. म्हणाल्या, भाभीजी, इधर से मौत आती है."

"मला का सांगितले नाहीस?"

"तुम्ही बिकानेरला होतात. आणि नंतर विचारलं कधी? संध्याकाळी खिडक्या उघड्याच बघितल्यात तुम्ही."

आमची मुलगी कल्पना तेव्हा दहा वर्षांची होती. तिची शाळा सकाळची असे. ती चटईवर पडून ऐकत होती. तिने हनुवटी वर केली.

"बाबा, मतलब तुम्ही फेल झालात?"

"गप्प बस," मालती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, तिच्याशीच बोलली. "फेल नाही. पेपर परत लिहायचाय. आणि चूक झाली हे स्वतःहून उभं राहून सांगितलंय. तुझ्या वर्गात सांगतं का कोणी?"

"आमच्यात कोणीच नाही सांगत," कल्पना म्हणाली. "मॅडम मारतात."

"मग झालं तर. वाढते मी. हात धुवा."

वरण-भातात वाळू होती. रोजच असे. त्या दिवशी ती कोठून येते ते मला ठाऊक होते. मालतीने माझ्या ताटात तूप दोनदा वाढले. आमच्या घरात एवढे पुरेसे असे.

जेवणानंतर मी टेबल पूर्वेच्या खिडकीशी ओढले आणि कापड पसरले. आराखड्याच्या उजव्या कोपऱ्यात बदलांसाठी एक लहान चौकट असते. क्रमांक, तारीख, बदलाचे कारण, सही. रीत अशी की आधी बदल पूर्ण करावा आणि नंतर चौकट भरावी. कारणाच्या रकान्यात आमच्याकडे ठरलेली वाक्ये लिहीत : स्थळपरिस्थितीनुसार, वरिष्ठांच्या सूचनेनुसार, प्रशासकीय कारणास्तव. बावीस वर्षांत त्या रकान्यात मी यांखेरीज काही लिहिलेले आठवत नाही. बुधवारपर्यंत माझे मन यांपैकी एखाद्या वाक्याशी येऊन पोहोचेल, हे मी जाणून होतो. म्हणून त्या दिवशी चौकट आधी भरली. क्रमांक एक. ७ मे १९८४. कारण : वाऱ्याच्या दिशेबाबत आराखडाकाराची चूक. खाली पूर्ण सही केली आणि शाई वाळेपर्यंत हात दूर ठेवला.

मग दाढीचे नवे ब्लेड घेतले. कापडावरची शाई खोडता येत नाही, खरवडावी लागते, आणि हात जड पडला तर कापड फाटते. पहिल्या रांगेच्या पहिल्या खिडकीपासून सुरुवात केली. चार वाजता कल्पना येऊन बाजूला बसली आणि मोजू लागली. चाळीसच्या पुढे तिचा आकडा चुकला. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजले. पाचच्या सुमारास मालतीने खिडकीवरची चादर काढली तेव्हा उजेड वाढला आणि काम जलद झाले. सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी शहाण्णवावी खिडकी निघाली. कापडावरची शाईची भुकटी मी ब्रशाने कागदावर लोटली, कागद केराच्या डब्यात झटकला आणि ब्लेड पुसून, जुन्या वेष्टनात गुंडाळून, वरच्या फळीवर ठेवले.